दहापैकी तीन गुण

१२ जानेवारी

बटण,

आठ वर्षांनी पत्र आलं म्हणून लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. मी भांडायला लिहितेय.

परवाच्या रविवारी तू बाईंच्या पिवळ्या कोटाला दहापैकी तीन गुण दिलेस. देशाचा कारभार साहेब करतात आणि तुमचा पेपर त्यांच्या बायकोचे कपडे तपासतो. साहेबांनी गेल्या महिन्यात तीन कायदे केले, ते सातव्या पानावर छापलेत. बाईंचा कोट पहिल्या पानावर, रंगीत, आणि आत तुझं अर्धं पान. तू लिहिलंस, ‘कॉलर अशी की आत मान आहे की नाही ते शोधावं लागतं. बाह्या म्हणजे उशीचे अभ्रे. शिंपी झोपेत कात्री चालवतो काय?’

तो शिंपी म्हणजे मी, हे तुला पक्कं ठाऊक आहे. साहेब साधे वकील होते तेव्हापासून, म्हणजे एकवीस वर्षं, बाई आपल्याच दुकानात शिवतात. लहान असताना त्यांच्याच कोटाची बटणं तू डब्यातून निवडून द्यायचीस. म्हणजे एक गिळून तू ‘बटण’ झालीस, त्यातून उरलेली. तू दुकानाचं नाव छापलं नाहीस, एवढी लाज राखलीस. उपकार झाले.

आता मुद्द्याचं. चूक माझी आहे. डोळ्यांना हल्ली कमी दिसतं. बाहीचा मुंढा कापताना हात हलला, आणि कॉलर कागदावर बेतली तेव्हा बरी दिसत होती, अंगावर गेल्यावर पसरली. बाईंची आवड बिघडलेली नाही. लिहायचंच असेल तर ह्यापुढे माझ्यावर लिही, त्यांच्यावर नको. वयस्क बाईला जुना शिंपी सोडवत नाही, असं काहीतरी लिही. तुला सुचेल. तुला काय, पेनाला धार काही कमी नाही.

इस्त्रीवाले काका अजून आहेत. कानांनी पार गेलेत. त्यामुळे तुझं पान ते मोठ्यांदा वाचतात तेव्हा त्यांना स्वतःला ऐकू येत नाही, फक्त सगळ्या गल्लीला ऐकू येतं. ‘उशीचे अभ्रे’ त्यांनी दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि इस्त्री पुन्हा कपड्यावर टेकवली. चाळीस वर्षं ज्या माणसाने आपल्या दुकानातला प्रत्येक खांदा दाबून बसवला, त्याने काही न बोलणं किती लागतं ते तुला सांगायला नको.

दुकानाची पायरी चढू नकोस, असं मी तुला म्हटलं होतं. ते मी मागे घेतलेलं नाही, गैरसमज नको. बाबांचा एकच नियम होता, माप दुकानाबाहेर जात नाही. तू एका मंत्र्याच्या बायकोच्या कमरेचं माप पेपरात गमतीने छापलंस आणि त्यावर नोकरी मिळवलीस. बाबा पुढे चार महिने जगले, आणि त्या चार महिन्यांत तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तू दाराशी यायचीस, ते भिंतीकडे वळायचे. मधे मी उभी असायचे. मला ते अजून विसरता येत नाही.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर वाचेन, पण पाठवू नकोस.

ताई


२९ जानेवारी

बटण,

उत्तर पाठवलं नाहीस. म्हटलं की लगेच ऐकायचं, असं कधीपासून शिकलीस?

जांभळ्या कोटाला एक गुण! शाळेत चित्रकलेत कोरा कागद दिला तरी तुला दोन मिळाले होते. ‘गळ्याशी एवढा मोठा बो आहे की तो बाईंनी घातलाय की बोने बाईंना घातलंय, हे कळायला मार्ग नाही.’ काकांना हे फार आवडलं. त्यांनी ते गिऱ्हाइकांसमोर वाचलं, आणि हसू दाबायला नाकाला रुमाल लावला.

आता हा बो देशाचा प्रश्न झालाय. काल टीव्हीवर चार शहाणे एका टेबलाभोवती बसून बोविषयी बोलत होते. त्यांतला एक माजी राजदूत होता. तो म्हणाला, बाहेरच्या देशांत आपलं हसं होतंय. व्यंगचित्रात साहेब बोच्या मागे लपून मतं मागताना दाखवलेत. भाजीच्या दुकानात दोन पोरी गळ्याला ओढणीचा भला मोठा बो बांधून बाईंची नक्कल करत होत्या आणि बाकीचे टाळ्या देत होते. मी पण हसले. न हसून कसं चालेल?

लग्नाचा कोट टाकायला एक मुलगी आणि तिची आई आली होती. कापड टेबलावर पसरून झालं होतं, खडू हातात घेतला होता. आईची नजर भिंतीवरच्या बाईंच्या जुन्या फोटोवर गेली. तिने कापड घडी घालून पिशवीत परत ठेवलं. म्हणाली, “तुमचं आता वय झालं हो. विश्रांती घ्या.” इतक्या मायेने म्हणाली की मला ओरडताही आलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

का शिवतेस असं, हे तू विचारशील. डोळे, असं मी सांगितलं आहे. तेच खरं धर.

पण बटण, एक सांगते. डोळे गेले असते तर काजं गेली असती आधी. बोच्या खाली, झाकलेल्या पट्टीवर, सहा काजं आहेत. विमानतळावरच्या फोटोत वाऱ्याने बो उडालाय, त्यात तीन दिसतात. तुमच्या ऑफिसात भिंग असेल ना? लाव, आणि बघ. आणि मग सांग बाबांचं दुकान झोपलंय म्हणून.

हे वरचं रागाच्या भरात लिहिलं गेलं. खोडायला हवं, पण कागद पातळ आहे, फाटेल. जाऊ दे. विसरून जा.

ताई


८ फेब्रुवारी

बटण,

काल काकांनी तुझं पान वाचायला घेतलं आणि मधेच थांबले. पेपर माझ्या हातात दिला. म्हणाले, “हे तूच वाच.”

‘मागे मी ह्या कोटाला एक गुण दिला, तो देताना मी काजं पाहिली नव्हती. आता भिंगाखाली पाहिली. रेशमी दोऱ्याची, हाताने केलेली, टाक्याला टाका भिडलेला, कोपऱ्यात गाठीचा मागमूस नाही. असं काज करणारा हात मला ह्या शहरात एकच माहीत आहे. त्या हाताला खांदा जमत नाही, हे मी मानणार नाही. हा कोट चुकून बिघडलेला नाही.’

चार वेळा वाचलं. पेपर लाखभर घरांत गेला असेल, पण ते कुणासाठी लिहिलं होतंस ते मला कळलं. आठ वर्षांत तू माझ्याशी काही बोलली असशील तर एवढंच. मी मशीनवर डोकं टेकून रडले, आणि काका बिचारे घाबरून पाणी घेऊन आले.

सकाळचे दहा वाजले होते. दुपारपर्यंत सगळ्या चॅनेलांना प्रश्न पडला, चुकून नाही तर मग मुद्दाम कुणी बिघडवला? आणि का?

आता नीट वाच. हे वाचून झालं की पत्र जाळ.

सप्टेंबरमध्ये मी बाईंच्या घरी माप घ्यायला गेले. कमर दोन इंच कमी. मी आपली सवयीने म्हटलं, “बारीक झालात, छान!” त्या म्हणाल्या, “छान नाही, मास्तर.” बाबांना मास्तर म्हणायच्या, मलाही तेच म्हणतात. खोलीतला मोठा आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तो साफसफाईसाठी फिरवला असेल असं मला वाटलं होतं.

मापवहीत त्यांची एकवीस वर्षं आहेत. कधी अर्धा इंच वर, कधी अर्धा खाली, दोन बाळंतपणं, एक मोडलेला हात. आणि सप्टेंबरपासून दर पंधरवड्याला इंच, परत इंच. मी आकडे लिहीत गेले. डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यापर्यंतचं सांगितलंय. ते साहेबांना माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे आणि मला. मला कुणी सांगायची गरजच पडली नाही, टेप हातात होती.

डिसेंबरात त्यांनी विचारलं, “मास्तर, तुम्ही कधी वाईट शिवलंय का?”

“जाणूनबुजून नाही.”

“मग आता जाणूनबुजून शिवा. चांगला कपडा घातला की लोक कपडा बघून चेहऱ्याकडे येतात. वाईट घातला की कपड्यापाशीच थांबतात. वीस वर्षं मला हेच लोक बघतायत, मला त्यांच्या सवयी पाठ आहेत.”

तर कॉलर मानेसाठी होती. अभ्र्यासारख्या बाह्या दंडांसाठी. बो गळ्याच्या हाडांसाठी. तू तीन गुण दिलेस त्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. “जमलं, मास्तर! एकानेही चेहऱ्याबद्दल लिहिलं नाही.” मी त्यांच्याबरोबर हसले, आणि दोन दिवसांनी तुला ते डोळ्यांचं खोटं पत्र लिहिलं. तुझ्याकडून शिंप्याला शिव्या मिळाव्यात हेच तर आम्हाला हवं होतं. आणि त्याच शिव्या मला सहन होत नव्हत्या.

हे सगळं जगापासून लपवायचं नव्हतं गं. जगाचं काय! त्यांची आई आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची, लांब गावात एकटी राहते. काही केल्या तिकडून हलत नाही. तिची मुलीशी भेट म्हणजे तुझं पान. दर रविवारी ती ते कापते आणि वहीत चिकटवते. तू दिलेले गुण पेनने पुन्हा मोठे करून लिहिते, कारण छापलेले तिला दिसत नाहीत. साहेबांचा दौरा संपला की वीस तारखेला बाई तिच्याकडे जाणार आहेत. शेजारी बसून, हात हातात घेऊन, स्वतःच्या तोंडाने सांगणार आहेत. “आईला माझ्याकडून कळू दे, पेपरातून नको,” एवढंच त्या मागतायत. एवढंच.

आणि मी काय केलं? सगळा कोट वाईट शिवला. चुण्या वाकड्या घातल्या, अस्तर आखूड कापलं, खांदा एका बाजूला पाडला. प्रत्येक टाक्याला बाबा मागे उभे असल्यासारखं वाटायचं, तरी केलं. काजांपाशी आले आणि हात ऐकेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हटलं, बोच्या खाली कोण बघतंय? आणि मग मीच तुला लिहिलं, भिंग लाव आणि बघ.

बाबांचा नियम आज मीही मोडला. तू मोडलास तेव्हा तुझ्यासाठी पायरी बंद करायला मी होते. माझ्यासाठी कुणी नाही.

वीस तारखेपर्यंत बारा दिवस आहेत. तुझ्या हाता-पाया पडते, बटण. बारा दिवस काही लिहू नकोस. कुणी विचारलं तर सांग, चूक झाली, ती काजं मशीनची होती. मला वाटेल तेवढी मूर्ख ठरव.

ताई


१५ फेब्रुवारी

बटण,

काल तू पाहुण्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकोच्या टोप्यांवर लिहिलंस. अर्धं पान टोप्या! काका फार निराश झाले. मला अख्ख्या आयुष्यात इतकं सुंदर काही वाचायला मिळालेलं नाही.

तुझ्या संपादकाने तुला काय काय ऐकवलं असेल त्याची कल्पना आहे. सगळा देश बोच्या मागे लागलेला, आणि जिने तो प्रश्न काढला तीच टोप्यांवर लिहितेय. तरी तू लिहिलंस. मी ते बाईंना सांगितलं नाही, कारण तुला कळलंय हेच त्यांना सांगायची हिंमत झालेली नाही. मी किती शूर आहे ते बघ.

बाकीचे तर्क चालूच आहेत. एक म्हणतो, बाई आणि साहेबांचं बिनसलंय, म्हणून त्या मुद्दाम त्यांची फजिती करतायत. एक म्हणतो, विरोधी पक्षाने शिंपी फोडला! म्हणजे मी! दोन माणसं दुकानात येऊन मी कुणाला मत देते ते विचारून गेली. काकांनी त्यांना तीन शर्ट इस्त्री करून दिले आणि काही ऐकू येत नाही असं सांगितलं. ते खरंच होतं, पण त्यांना पटलं नाही.

मी रोज सकाळी सहाही पेपर घेते. आधी फोटो बघते, मग मथळे, मग श्वास घेते.

बाई घरातून बाहेर पडत नाहीत. काल भेटले. वीस तारखेला आईकडे नेण्यासाठी काय काय घ्यायचं त्याची यादी करत होत्या. आईच्या चष्म्याची नवी काच, पायाला लावायचं तेल, चिकटवायचा डिंक, कारण आईचा डिंक दर वेळी सुकतो. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मास्तर, आईला सांगताना साधा कपडा घालते. जुना राखाडी. फार झोळतो का हो?” मी म्हटलं, “नाही, बरा दिसेल.” तो त्यांच्या अंगावर तंबूसारखा होईल.

मी म्हटलं तर सांगशील की नाही कुणास ठाऊक, पण विचारते. लिहिताना तुला कधी असं वाटतं का, की ह्या कपड्याच्या आत कुणी आहे? टोमणा नाही हा. मलाही मापं लिहिताना नेहमी वाटलंय असं नाही.

पाच दिवस राहिलेत. तू टोप्या लिहिल्यास म्हणून मला आता वाटू लागलंय की निभेल.

ताई


१७ फेब्रुवारी

बटण,

तुमचा पेपर नाही. सगळ्यात आधी मी तेच बघितलं.

दोन फोटो शेजारी शेजारी. गेल्या वर्षी कुठल्याशा उद्घाटनाला रिबीन कापतानाचा हात, आणि विमानतळावर हलवलेला हात. मनगटाभोवती लाल गोल काढलेत. खाली मथळा, ‘बोच्या मागे हे लपलं होतं!’ आणि त्यांना कधीही न भेटलेला एक डॉक्टर, टाय लावून, आजाराचं नाव सांगतोय.

वाऱ्याने बाहीची झालर मागे गेली, म्हणून मनगट दिसलं. झालर मी हाडापर्यंत घेतली होती. आत दुमडलेलं कापड होतं, माया भरपूर सोडली होती. अर्धा इंच आणखी खाली आणता आली असती. मी काजांत गुंतले होते.

त्या गावात पेपर सकाळी आठला पोचतो. आता साडेनऊ झालेत.

ताई


२ मार्च

बटण,

तू दोन पत्रं पाठवलीस, दोन्ही मिळाली. पहिल्यात तू लिहिलंस की सगळं तुझ्यामुळे झालं, तू काजांची ती ओळ लिहिली नसतीस तर. दुसऱ्यात राजीनामा दिला म्हणून लिहिलंस. दोन्ही वाचून मी पेटीत ठेवली. तू ती ओळ मला बरं वाटावं म्हणून लिहिलीस. मी ती काजं बाबांना बरं वाटावं म्हणून केली. बाईंनी तो बो आईला बरं वाटावं म्हणून घातला. आता ह्यात दोष कुणाला द्यायचा ते मला शोधूनही सापडत नाही, आणि रागवायला कुणी नसलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

काल बाईंनी बोलावलं. मी तयारी करून गेले होते. काजं, पत्रं, तू, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काजं वाईट केली असतीत तर मला तुमची काळजी वाटली असती.”

आईचं त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. “जेवलीस का?” एवढं विचारलं. सकाळचे सव्वाआठ. बाई “हो” म्हणाल्या, आणि आईने फोन ठेवला.

बाई त्याच दुपारी निघाल्या. रस्त्यात तीन गाड्या पाठलागावर, कॅमेरे लावून. पोचल्या तेव्हा आई पलंगावर होती आणि वहीतली सगळी कात्रणं सोडवून चादरीवर मांडून बसली होती. तारखेवार. तिने मुलीकडे वर बघितलं नाही. कात्रणांवरून बोट फिरवत म्हणाली, “कुठल्या कोटापासून गं?”

बाईंनी पिवळ्यावर बोट ठेवलं.

आई म्हणाली, “ह्याला मी हसले होते. शेजारणीला बोलावून दाखवला होता. आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.”

बाई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज हलला नाही. मीच उठून खिडकीपाशी गेले. त्यांच्याच आईला हसवायला नव्हता शिवला गं मी तो कोट. पण शिवला होता तो हसण्यासाठीच, आणि हसायची ती हसली. तिला कोण सांगणार की तू हसलीस ते बरोबरच होतं, तेच तर मुलीला हवं होतं? बाईंनी सांगून पाहिलं. आई फक्त मान हलवते आणि पिवळं कात्रण उशीखाली ठेवते.

आता आई इथेच आहे, बाईंच्या खोलीत. दिवसभर पलंगाशेजारी खुर्चीत बसते. वही मांडीवर. पुढची पानं कोरी आहेत.

तर बाईंनी काल मला काम सांगितलं. “मास्तर, आता चांगला शिवा. आता काय लपवायचं? आईला वहीत शेवटी चिकटवायला एक चांगला हवा.” फाटकाबाहेर कॅमेरे रात्रंदिवस असतातच. त्या एकदा बाहेर येऊन उभ्या राहतील, पाच मिनिटं, हिरव्या कोटात. रंग आईने निवडलाय. कॉलर छोटी, बाह्या अंगाबरोबर, कुठे झालर नाही, बो नाही. फोटो निघेल. उद्या दुसऱ्या कुठल्या पेपरातला कोणी शहाणा त्यालाही गुण देईलच. देऊ दे.

माप घेतलं. टेप दोन हातांत धरून मी उभी राहिले, आणि माझी दोन बोटं एकमेकांना इतक्या लवकर भेटली की क्षणभर वाटलं, मी चुकीच्या ठिकाणी धरलीय. आई बघत होती. आकडा मोठ्याने सांगायची आपली सवय. मी तो गिळला आणि मनात ठेवला. मापवहीत लिहिलाच नाही. बाबांचा नियम एवढा तरी पाळला.

सोमवारी माप घेतलं होतं असं समज, तर गुरुवारी ते खोटं ठरतं. मी एकटी कापून, टाचून, अस्तर लावून, काजं करून कोट पुरा करेपर्यंत तो त्यांना ढगळ होईल. बाबा असताना दोन दिवसांत कोट निघायचा. बाबा अंग शिवायचे, मी बाह्या आणि कॉलर, आणि तू काजं. आणि खरं सांगू? रेशमी काज तुझंच चांगलं व्हायचं, माझं नाही. तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून बाबांना ते माहीत होतं. त्या चार महिन्यांत ते तुझ्याशी बोलले नाहीत, पण तू गेल्यावर गिऱ्हाइकाचा कोट हातात घेऊन प्रत्येक वेळी विचारायचे, “आता काजं कोण करणार?” हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. आठ वर्षं सांगितलं नाही. ते बटण तू गिळलंस, हे मी.

पहिल्या पत्रात डोळ्यांचं खोटं लिहिलं होतं. आता ते खोटं राहिलेलं नाही. काल हिरव्या दोऱ्याने सुई ओवायला बसले तर चार वेळा चुकले. काकांनी ओवून दिली.

हे पत्र काकांच्या हाती पाठवतेय. कापड टेबलावर आहे. उद्या सकाळी कापते. परवा दुपारपर्यंत कोट बाईंच्या अंगावर जायला हवा, त्यानंतर त्याचा उपयोग नाही. मी खांदे धरते, तू काजं धर. पाचच आहेत.

पायरी चढू नकोस म्हटलं होतं ते अजून मागे घेतलेलं नाही. पण मागच्या दाराला पायरी नाही. तिकडून ये. येताना चष्मा आण. तुझं बोटात घालायचं अंगुस्तान इथेच आहे, बटणांच्या डब्यात.

ताई